सोसायटीचा गणपती, शुक्रवारचा सिनेमा आणि आपला विवेक: पुण्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, वर्षभर फिरत असतात. श्रावण लागला की त्यांना जोर येतो, डिसेंबरात त्यांचं रूप बदलतं. काही प्रश्न उपासना सुटल्यावर देवालयाच्या आवारात येतात, काही रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर. मी पाळक (पास्टर) नाही. तरुणांच्या बायबल अभ्यासात बसणारा एक विश्वासी आहे आणि प्रॉटेस्टंट घरात वाढलो आहे. कॅथलिक वाचकांना काही ठिकाणी वेगळा जोर दिसेल. त्यांनी आपल्या धर्मगुरूंशी जरूर बोलावं.

विवेकावर सोडलेल्या गोष्टी म्हणजे नेमक्या कोणत्या?

ज्यांच्याबद्दल पवित्र शास्त्रात थेट आज्ञा नाही आणि प्रभूवर मनापासून प्रेम करणारी माणसंही ज्यांबाबत वेगवेगळ्या निर्णयाला येतात, त्या. रोमच्या मंडळीत मांस खावं की नुसती भाजी खावी आणि अमुक दिवस पाळावा की नाही, यावरून तट पडले होते. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात प्रेषित पौल दोघांनाही सुनावतो. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. प्रत्येकाने आपल्या मनाची पूर्ण खात्री करून घ्यावी, एवढं मात्र तो दोघांकडूनही मागतो. या शेवटच्या अटीकडे आपलं फार दुर्लक्ष होतं. "सगळे करतात म्हणून" आणि "आमच्यात चालत नाही म्हणून" या दोन्ही उत्तरांत खात्री कुठेच नसते.

आपल्याकडे या यादीत सिनेमा येतो, ढोल येतो, प्रसाद, कुंकू, लग्नातला नाच, योगासनं, वाइन येते. लाच, व्यभिचार, खोटी साक्ष, बायकोवर हात उगारणं या गोष्टी त्यात येत नाहीत. हुंडाही येत नाही. "ज्याचा त्याचा विवेक" असं म्हणून हुंड्यावर पांघरूण घालणारे लोक मी पाहिले आहेत. तिथे रोमकरांस १४ लागू पडत नाही.

सोसायटीच्या गणपतीची वर्गणी द्यावी का? आरतीला उभं राहावं का? प्रसादाचं काय?

हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ते एकत्र विचारले की उत्तर नेहमी चुकतं, म्हणून एकेक घेऊ.

वर्गणीतून मांडव, मूर्ती आणि पूजा होते. त्याच पैशातून मुलांच्या चित्रकला स्पर्धा, रक्तदान शिबिर आणि शेवटच्या दिवशीचं जेवणही होतं. १८९३ साली लोकमान्य टिळकांनी उत्सवाला सार्वजनिक रूप दिलं तेव्हापासून पूजा आणि समाजकारण त्यात एकमेकांत मिसळलेलं आहे. काही ख्रिस्ती कुटुंबं सरसकट वर्गणी देतात आणि तिला सोसायटीत राहण्याचा भाग मानतात. काही जण चिटणीसांना आधीच भेटून सांगतात, "रक्तदानाचा किंवा स्पर्धांच्या बक्षिसांचा खर्च आम्ही उचलतो." मला दुसरा मार्ग अधिक पटतो, कारण त्यात भूमिकाही स्पष्ट राहते आणि हातही आखडत नाही. पावती घेऊन आलेल्या मुलांना दार न उघडणं मात्र मला मुळीच पटत नाही.

आरतीच्या वेळी खाली असाल तर शांतपणे उभं राहणं हा शिष्टाचार आहे. आरतीचं ताट हातात घेणं, ओवाळणं, तबकात पैसे टाकून आरती घेणं ही उपासना आहे. माझ्या मते ख्रिस्ती माणसाने ही रेघ ओलांडू नये. इथे अरामी सेनापती नामानाची आठवण काढली जाते. बायबलच्या दुसरे राजे ५मध्ये तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागेल, त्याची क्षमा व्हावी. अलीशा त्याला शांतीने जा म्हणतो. नोकरीमुळे अशा जागी उभं राहावं लागणाऱ्यांना या उताऱ्यात मोठा दिलासा आहे. पण नामानाने स्वतःच्या हौसेने वाकायची परवानगी मागितली नव्हती, हेही त्यात दिसतं.

प्रसादाबद्दल पौलाने तीन अध्याय खर्च केले आहेत, करिंथकरांस पहिल्या पत्राचे ८ ते १०. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मूर्तीच्या देवळात बसून त्या पंक्तीत जेवू नका. बाजारात जे मिळतं ते चौकशी न करता खा. कुणी घरी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, पण "हा नैवेद्य आहे" असं कुणी मुद्दाम सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आता शेजारच्या काकू मोदकांची वाटी घेऊन दारात येतात तेव्हा यातलं काय लागू पडतं? त्या सांगतात तर खऱ्या की प्रसाद आहे. पण त्या तुमची परीक्षा घेत नसतात, माया करत असतात. म्हणूनच इथे प्रामाणिक मतभेद आहेत. मी नैवेद्य दाखवलेलं घेत नाही. माझा धाकटा भाऊ देवाचे आभार मानून खातो. आम्ही रविवारी एकाच बाकावर बसतो.

नाकारायचं असेल तर कसं नाकारता याला फार महत्त्व आहे. घेऊन मागच्या दाराने कचऱ्यात टाकणं हे अन्नाचा, शेजाऱ्याचा आणि सत्याचा अपमान करणं आहे. त्यापेक्षा सरळ बोला: "काकू, तुम्ही आठवणीने आणलंत, खूप बरं वाटलं. आम्ही नैवेद्याचं घेत नाही. पण नैवेद्याआधी दोन मोदक बाजूला काढून ठेवलेत तर आवडीने खाऊ." पुण्यातल्या कितीतरी घरांतून पुढच्या वर्षी तसे मोदक वेगळे काढून ठेवलेले असतात.

मुलीला ढोलपथकात जायचं आहे. जाऊ द्यावं का?

दर वर्षी जून-जुलैत हा प्रश्न येतो, कारण तेव्हा संध्याकाळी नदीपात्रात सराव सुरू होतो आणि कॉलेजातल्या मैत्रिणी नाव नोंदवतात. बरेच आईबाप लगेच "नाही" म्हणून विषय संपवतात. माझी विनंती आहे की आधी तिला विचारा, तिला तिथे काय आवडतं? ताल, शिस्त, कमरेला ढोल बांधून दोन तास उभं राहण्याची ताकद, मुलींना बरोबरीचं स्थान, यातलं काही ती सांगेल. यात वाईट काहीच नाही. ताल देवाने निर्माण केला आहे. स्तोत्र १५० वाद्यांची नावं घेऊन स्तुती करायला सांगतं, त्यात डफही आहे आणि झांजाही आहेत.

मग खरी गाठ कुठे आहे ते तिच्यासोबत बसून शोधा. सरावाची सुरुवात बहुतेक पथकांत वाद्यपूजनाने होते. विसर्जन मिरवणुकीतलं वादन मूर्तीच्या पुढे, तिच्या सन्मानासाठी असतं. एखाद्या स्पर्धेतलं, शिवजयंतीच्या कार्यक्रमातलं किंवा क्रीडा स्पर्धेच्या उद्घाटनातलं वादन तसं नसतं. काही तरुण सराव करतात, असे कार्यक्रम वाजवतात आणि मिरवणुकीच्या दिवशी रजा घेतात; पथकप्रमुखाला आधी सांगितलं तर ते बहुधा समजून घेतात. काहींना हा मधला मार्ग दुटप्पी वाटतो आणि ते जातच नाहीत. मिरवणुकीत वाजवावं असं मी म्हणणार नाही. पण सरावाला गेलेल्या मुलीला "बाटली" म्हणणाऱ्या नातेवाइकांच्या तोंडाला आवर घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, हे नक्की म्हणेन.

आणि एक सूचना मंडळ्यांना. मुलांना ढोल आवडतो हे दिसत असेल तर पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) पहाटेच्या फेरीत ढोल-ताशा आणा.

आपल्या आधीच्या मराठी ख्रिस्ती लोकांनी हे कसं हाताळलं?

आपल्यासमोर फार मोठा वारसा आहे आणि आपण तो पुरेसा वापरत नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगितली. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. आपल्याकडची पुराण ऐकण्याची सवय त्यांनी टाकाऊ मानली नाही.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५मध्ये झाला. त्यानंतर त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, ख्रिस्ती कीर्तनं केली, टाळ-मृदंग मंडळीत आणला. आज त्यांची भजनं आपण इतक्या सहज म्हणतो की त्या काळी अनेकांना हे सगळं "जुन्या धर्मातलं" वाटलं असेल याचा आपल्याला विसर पडतो.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला सगळ्यांत जास्त शिकवतं. १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. तिथल्या मठातल्या भगिनींना ते जुन्या जातीचं अवशेषरूप वाटलं, आणि रमाबाईंनी आपली बाजू पत्रांतून ठामपणे मांडली. आपण ख्रिस्ताची झालो, इंग्रज झालो नाही, याची त्यांना पक्की जाण होती. दुसऱ्या बाजूला, विधवांचं केशवपन आणि बालविवाह यांना त्यांनी "आपली संस्कृती" म्हणून कधीही सांभाळून घेतलं नाही. त्याच बाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हजारो स्त्रिया-मुलींना आसरा दिला आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर केलं. त्या काय ठेवत होत्या आणि काय टाकत होत्या हे नीट पाहिलं की त्यांची कसोटी कळते: यातून कुणाची पूजा होते आणि यातून कुणाला चिरडलं जातं. पुढच्या प्रश्नांना मी हीच कसोटी लावतो आहे.

सिनेमा आणि वेब सीरिज पाहाव्यात का?

मंडळीच्या सुरुवातीच्या शतकांत टर्टुलियनसारख्या शिक्षकांनी विश्वासणाऱ्यांना रंगभूमी आणि आखाड्यातले खेळ सपशेल मना केले होते. त्या खेळांत माणसं मारली जायची, त्यामुळे ती मनाई मला समजते. पण अथेन्सला गेलेला पौलही आपल्यासमोर आहे. प्रेषितांची कृत्ये १७मध्ये तो शहरभर फिरून तिथल्या वेदी बघतो आणि मग ग्रीक कवींच्या ओळी घेऊन त्यांच्याशी बोलतो. त्या ओळी त्याला पाठ होत्या, म्हणजे त्याने त्या वाचल्या होत्या. दानीएलाने बाबेलची भाषा आणि विद्या शिकून घेतली, राजाच्या ताटातलं अन्न नाकारलं. शिकणं आणि नाकारणं ही दोन्ही कामं एकच माणूस एकाच दरबारात करत होता.

ज्या शहरात १९३३ साली 'प्रभात'चा स्टुडिओ आला आणि १९६० साली त्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, तिथल्या मंडळीने सिनेमाशी अबोला धरावा हे मला तरी पटत नाही. शेजारी, सहकारी, आपली मुलं ज्या गोष्टींवर रडतात-हसतात त्या आपल्याला ठाऊक असाव्यात.

तरीही "कथा चांगली आहे" म्हणून सगळंच गिळायचं असं नाही. सिनेमातल्या शिवीकडे आपलं लगेच लक्ष जातं. नायक नकार देणाऱ्या मुलीच्या मागे तीन तास लागतो आणि शेवटी तिला जिंकतो, याकडे जात नाही. सूड न्याय म्हणून दाखवला जातो, गोरा रंग सद्गुण म्हणून, आणि पैशाने सगळं सुटतं असं सुचवलं जातं. माझा अनुभव असा की विश्वासणाऱ्या माणसाच्या मनावर या गोष्टींचा परिणाम शिव्यांपेक्षा खोल होतो.

आमच्या अभ्यासवर्गात आम्ही कधीकधी एक सिनेमा एकत्र पाहतो आणि नंतर तासभर बोलतो. या कथेत माणसाची खरी अडचण काय मानली आहे? सुटका कशाने होते? कुणाच्या वेदनेवर आपण हसलो? आपल्याला आत कुठे बोचलं? अशा गप्पांतून दोन-तीन मुलं स्वतःहून म्हणाली की अमुक सीरिज आपण बंद करतोय. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला नग्नतेची किंवा हिंसेची दृश्यं नंतर पाठ सोडत नाहीत, त्याने ती टाळावीत, मग बाकी मंडळी त्या कलाकृतीला कितीही नावाजो. फिलिप्पैकरांस ४:८ मधली यादी, जे सत्य, जे न्याय्य, जे शुद्ध, ही आधी आपलं मन तपासण्यासाठी आहे.

लहान मुलांना भुताखेतांच्या आणि जादूच्या गोष्टी दाखवाव्यात का?

मुलाच्या स्वभावावर आहे. एकाला गोष्ट गोष्टच वाटते, दुसरा महिनाभर दिवा लावून झोपतो. सिनेमावर आणि ओटीटीवर ७+, १३+, १६+ अशा वयाच्या खुणा असतात, त्या आधी बघा, आणि शक्यतो शेजारी बसून पाहा. गोष्टीतली जादू आणि प्रत्यक्षातला मंत्रतंत्र, देवऋषी, लिंबू-मिरची यांतला फरक मुलांना सांगा. दुसऱ्या गोष्टीबद्दल शास्त्र स्पष्ट आहे. घरात जादूच्या पुस्तकाला बंदी आणि सासूला बरं वाटावं म्हणून गुपचूप दृष्ट काढणं, असं नको.

कुंकू, मंगळसूत्र, हळद?

आपल्या मंडळ्यांतल्या कितीतरी विवाहित बहिणी काळ्या मण्यांत क्रूस ओवून मंगळसूत्र घालतात. काही फक्त अंगठी घालतात. हळदीचा कार्यक्रम पुष्कळ घरांत गाण्यांसकट होतो. मला यात उपासनेचा भाग दिसत नाही. कुंकवाबद्दल मतं जास्त टोकाची आहेत, आणि नवीन विश्वासात आलेल्या बहिणीसाठी त्यामागे घर, नवरा, सासर असा मोठा पेच असतो. तो पेच बाहेरच्या कुणी उपासनेच्या दारात उभं राहून सोडवू नये. विधवा झालेल्या बहिणीचं मंगळसूत्र काढायला लावणं मात्र आपल्यातही काही घरांत होतं. रमाबाईंची लेकरं म्हणवणाऱ्यांनी ते ताबडतोब थांबवावं.

योगा आणि वाइन?

आसनं आणि श्वासाचा व्यायाम बरेच ख्रिस्ती लोक करतात. मंत्रजप आणि सूर्याला नमन यापाशी थांबतात. ज्याचं मन व्यायामालाही तयार होत नाही त्याने टेकडीवर चालायला जावं, तब्येत तितकीच चांगली राहील.

वाइनबद्दल कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट परंपरा वेगळ्या आहेत. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनातही द्राक्षाचा रसच असतो, कारण आपल्या कितीतरी घरांची दारूने राखरांगोळी केली आहे. ज्याचे वडील दारूने गेले त्याच्यासमोर पेला उचलू नका. दारूच्या नशेबद्दल शास्त्रात वाद नाही.

"माझ्या भावाला अडखळण होतं" असं कुणी म्हटलं की आपण थांबायलाच हवं का?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण या एका वाक्याने तरुण मंडळीबाहेर गेलेले मी पाहिले आहेत.

पौल ज्याला अडखळण म्हणतो ते असं: नुकताच मूर्तिपूजेतून आलेला माणूस मला देवळातल्या पंक्तीत जेवताना बघतो, त्याचं मन त्याला नको म्हणत असतं, तरी माझ्याकडे बघून तो जेवतो आणि त्याचा विश्वास ढासळतो. म्हणजे तो माझ्यामुळे स्वतःच्या विवेकाविरुद्ध वागतो. अशा भावासाठी जन्मभर मांस सोडायची पौलाची तयारी होती. आपल्या मंडळीत असा कुणी असेल, काल-परवापर्यंत घरात देव्हारा असलेला, तर त्याच्यासमोर प्रसाद खाऊ नका. त्याच्यासाठी सोडलेल्या मोदकाचा हिशेबही मांडू नका.

पण चाळीस वर्षं विश्वासात असलेले, पहिल्या बाकावरचे काका "मला अडखळण होतं" म्हणतात तेव्हा त्यांच्या विश्वासाला काहीही होणार नसतं. त्यांना ते आवडलेलं नसतं. नावड आणि अडखळण या वेगळ्या गोष्टी आहेत. काकांचा मान राखावा, त्यांच्याशी बोलावं, शक्य असेल तिथे त्यांच्यासाठी एखादी गोष्ट सोडावीही. पण त्यांच्या नावडीला देवाच्या आज्ञेचा दर्जा देऊ नये. मोकळीक घेणाऱ्या तरुणांनाही तितकंच सांगणं आहे. "जुन्या विचारांचे" हे दोन शब्द उच्चारताना तुमच्या आवाजात जो तुच्छपणा येतो, त्याची मनाई पौलाने आधी केली आहे.

सिनेमात किंवा स्टँडअप कार्यक्रमात आपल्या विश्वासाची थट्टा झाली तर?

हिंदी सिनेमाने ख्रिस्ती माणूस वर्षानुवर्षं दारुडा किंवा मोडकंतोडकं हिंदी बोलणारा दाखवला. वाईट वाटतंच, आणि ते बोलून दाखवावं. लेख लिहा, निर्मात्याला पत्र पाठवा, तिकीट काढू नका. मोडतोड, धमक्या आणि कलाकाराच्या घरचा पत्ता पसरवणं यांत ख्रिस्ताचं काहीही नाही. आणि न पाहिलेल्या कलाकृतीविरुद्ध आलेला फॉरवर्ड पुढे ढकलणं ही खोटी साक्ष ठरू शकते. ज्याने स्वतः पाहिलं आहे त्यानेच बोलावं.

पाळकसाहेब नको म्हणतात आणि माझं मन चालेल म्हणतं. मग?

आधी त्यांना भेटा. मंडळीच्या ग्रुपवर वाद घालू नका. ते शास्त्रातून सांगताहेत की मंडळीच्या प्रथेतून, हे आदराने विचारा. प्रथेलाही किंमत आहे, एकोप्यासाठी ती पाळता येते. उलट बाजूने, पाळकसाहेब "काही हरकत नाही" म्हणाले पण तुमचं मन खात असेल, तर करू नका. शंका असताना केलेली गोष्ट विश्वासाने केलेली नसते, असं रोमकरांस १४ अगदी शेवटी सांगतं. विवेक शास्त्राने, प्रार्थनेने आणि शहाण्या माणसांच्या सहवासाने घडत जातो, त्यामुळे आजचं मत पाच वर्षांनी बदलू शकतं.

नाताळचा फराळ शेजाऱ्यांना देताना काय बघावं?

आपला विवेक सांभाळताना शेजाऱ्याचाही एक विवेक आहे हे आपण विसरतो. पुण्याला याचा इतिहास आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये झालेल्या कार्यक्रमात लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि इतर मान्यवरांसमोर चहा-बिस्किटं आली. पुढे वर्तमानपत्रात नावं छापली गेली, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली आणि रानड्यांना प्रायश्चित्तही घ्यावं लागलं. ख्रिस्ती घरचा चहा घेणं ही तेव्हा त्यांच्यासाठी विवेकाची आणि समाजाची बाब होती.

आज दार मोकळं आहे, तरी विचारून द्यावं. केकमध्ये अंडं किंवा रम असेल तर डब्यावर चिठ्ठी लावा. जैन शेजाऱ्यांसाठी बिनअंड्याचं वेगळं करा आणि सामोसे-पॅटिसमध्ये कांदा-बटाटा आहे का ते सांगा. उपवास असेल तर डबा दुसऱ्या दिवशी न्या. कुणी घेतलंच नाही तर त्याचा राग धरू नका. गणपतीत आपणही हेच समजून घेण्याची अपेक्षा ठेवतो. २४च्या रात्री देवालय बघायला यायचं म्हणाले तर सोबत घेऊन जा, बसायला जागा द्या, प्रभुभोजनाच्या वेळी काय होतं आणि त्यांनी जागेवरच बसायचं आहे हे आधी सांगून ठेवा, म्हणजे कुणाची पंचाईत होणार नाही. डब्यात लपवून पत्रकं ठेवू नका. नाताळ कशाचा असतो हे त्यांनी विचारलं, तर मात्र घाई न करता, त्यांच्याच घरात बसून, पूर्ण सांगा.